कारखान्यातून अर्धाच निघालेला ट्रक

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहन कशाला म्हणायचे ते ठरवून दिले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी अथवा खासगी चारचाकी या व्याख्येत बसते. नोंदणीचे २०,००० रुपये भरले की तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. जुन्या गाड्यांना कायद्याने मान दिला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण या व्याख्येत ट्रकला जागा नाही. उद्या एखाद्या दुरुस्तीने मालवाहू गाड्यांना आत घेतले तरी ‘मूळ स्वरूप’ ही अट त्यांना पुन्हा बाहेर काढील. संस्थानिकांच्या मोटारींना ही कसोटी शोभते. त्या परदेशी कारखान्यात घडल्या, राजवाड्याच्या गॅरेजमध्ये राहिल्या आणि सणासुदीला बाहेर निघाल्या. ट्रकची गोष्ट निराळी आहे. आपल्याकडे ट्रक पूर्ण रूपात विकला जातच नव्हता. कारखान्यातून तो अर्धाच निघे. उरलेला अर्धा सुतार, लोहार, फिटर आणि पेंटर मिळून पुरा करत, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तो पुन्हा पुन्हा पुरा केला जाई. तेव्हा एकाची चासी, दुसऱ्याचे इंजिन आणि तिसऱ्याची गिअरबॉक्स घेऊन उभा राहिलेला ट्रक हा मूळ वस्तूचा बिघडलेला नमुना मानणे चूक आहे. ट्रक नावाच्या वस्तूचा आपल्या देशातला खरा इतिहास त्याच्यातच आहे, आणि मराठवाड्यात तर तो अधिक ठळक दिसतो.

परभणी तालुक्यातले पेडगाव घ्या. (भीमेकाठचे, बहादूरगडाचे पेडगाव वेगळे, ते अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यात.) हे गाव मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर, परभणी आणि मानवत रोड या स्थानकांच्या मध्ये आहे. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टाकला गेला. मानवत, सेलू, परभणी या कापसाच्या पेठांना त्याने मुंबईची वाट मोकळी केली. पण रेल्वे रुळावर थांबते. शेतातून जिनिंगपर्यंत आणि जिनिंगहून स्थानकापर्यंतचे ओझे बैलाच्या मानेवरच राहिले. इथली माती काळी, कापसाची. पावसाळ्यात ती चाकाला लगदा होऊन चिकटते आणि धुऱ्यापर्यंत गाडी गिळते. त्यात हैदराबाद संस्थानाचे धोरण होते. निजाम सरकारने १९३० मध्ये रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली आणि १९३२ मध्ये त्याच रेल्वेचा एक रस्ता-वाहतूक विभाग काढला. सुरुवात २७ बस आणि १६६ नोकरांनिशी झाली. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. रूळ आणि रस्ता एकाच धन्याच्या हाती आल्यावर खासगी मोटारधंद्याला हातपाय पसरायला मुंबई इलाख्याइतकी मोकळीक उरली नाही. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. या भागात खासगी ट्रकचा जम बसला तो या उलथापालथीनंतर, आणि साहजिकच बहुतेकदा जुन्या गाड्यांच्या रूपाने. कोऱ्या ट्रकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागत असताना, दोन-तीन मालकांच्या हातून गेलेली गाडी हीच लहान गावातल्या माणसाच्या आवाक्यातली गाडी होती. पेडगावसारख्या गावाच्या पाटीवर उभा राहिलेला ट्रक तिथे पोचण्याआधीच एकदा-दोनदा नव्याने जुळवलेला असे.

या जुळवाजुळवीचे मूळ ट्रकच्या रचनेत आहे. मोटारीचा सांगाडा आणि कवच पुढे एकजीव झाले. ट्रकची चासी मात्र शिडीसारखी राहिली: दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, रिव्हेट मारून पक्क्या केलेल्या. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, धुरे, टाकी हे सगळे तिच्यावर बोल्टांनी बसते आणि म्हणून बोल्ट काढले की सुटते. पहिल्यापासून व्यापारही याच तत्त्वावर चालला. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला आणि फोर्डनेही आपल्या बंदरांच्या शहरांत गाड्या जुळवायला सुरुवात केली. सुटे भाग खोक्यांत भरून जहाजाने यायचे आणि इथे जोडले जायचे. मालवाहू गाडी म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती पडायची ती मुख्यतः चासी, इंजिन आणि चालकासमोरचा पत्र्याचा पडदा, ज्याला धंद्यात ‘काउल’ म्हणतात. मागचा हौदा आणि पुष्कळदा चालकाची केबिनसुद्धा विकत घेणाऱ्याने आपल्या गावी बांधून घ्यायची. नव्या कोऱ्या चासीवर खुर्ची बांधून, डोक्याला मुंडासे गुंडाळून उघड्यावरच शेकडो मैल गाडी हाकत नेणारे चालक ही अगदी अलीकडेपर्यंत महामार्गावरची ओळखीची गोष्ट होती.

दुसऱ्या महायुद्धाने या अर्धेपणाला वेगळेच परिमाण दिले. युद्धकाळात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली. त्यांतल्या फोर्ड आणि शेवरोले ट्रकांच्या चासी मोठ्या संख्येने हिंदुस्थानात आल्या. जमशेदपूरला टाटांनी अशाच फोर्ड चासीवर चिलखती पत्रे चढवून लष्करासाठी गाड्या बनवल्या. त्यांना ‘टाटानगर’ म्हणत. एकीकडे हे चालू असताना नागरी वाहतुकीला पेट्रोल रेशनवर मिळत होते. बस आणि लॉरीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून, तिच्यातल्या गॅसवर पेट्रोलचे इंजिन चालवण्याचा प्रयोग देशभर झाला. गॅसवर ताकद कमी पडायची आणि चढावर गाडी दम टाकायची, तरी चाके फिरत राहिली. मूळ रचनेत हात घालणे ही मिस्त्रींची हौस होती असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की इथे सरकारनेच त्याला उत्तेजन दिले होते. युद्ध संपल्यावर लष्कराच्या उरलेल्या गाड्या ‘डिस्पोजल’च्या लिलावात निघाल्या. काही चालू, काही मोडक्या, काहींचे फक्त सांगाडे. त्या गाड्यांनी पुढची दहा-पंधरा वर्षे देशाचा माल वाहिला. डिस्पोजलची गाडी हा शब्द जुन्या चालकांच्या तोंडी बराच काळ टिकला.

मग १९५३-५४ साल आले. ज्या कंपन्यांकडे इथे भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही, फक्त जुळणी आहे, त्यांना यापुढे जागा नाही, असा निर्णय टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर झाला आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. देशी उद्योग उभारायचा तर हे धोरण योग्यच होते. ऑक्टोबर १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीज-बेंझचा ट्रक जमशेदपूरहून बाहेर पडला, १९५५ मध्ये अशोक लेलँड उभी राहिली, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक बनवत होती. पण धोरणाच्या हिशेबात एक रकाना सुटला. रस्त्यावर असलेल्या हजारो फोर्ड आणि शेवरोले गाड्या रातोरात पोरक्या झाल्या. सुट्या भागांची आयात परवान्यात अडकली. क्रँकशाफ्ट झिजला तर नवा आणायचा कुठून? या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस होता मिस्त्री. त्याने सिलिंडर बोअर करून स्लीव्ह टाकल्या, क्रँक ग्राइंड करून जाड बेअरिंगे बसवली, आणि जिथे दुरुस्तीची सोय संपली तिथे दुसऱ्या कंपनीचे इंजिन उचलून बसवले.

या बदलात पर्किन्सच्या ‘पी-सिक्स’ या डिझेल इंजिनाचा वाटा फार मोठा आहे. इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीने १९३७ च्या सुमारास हे सहा सिलिंडरचे इंजिन आणले. पेट्रोल ट्रकांत बदली म्हणून ते सहज बसावे, हा त्याच्या विक्रीचा मोठा आधार होता. पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची इंजिने भारतात बनवायला घेतली. ताकद ऐंशी अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे पेट्रोलच्या जुन्या इंजिनाइतकीच, पण ती कमी फेऱ्यांत मिळे आणि इंधन बरेच कमी लागे. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त असलेल्या देशात ट्रकमालकाला याहून मोठे आमिष नव्हते. मात्र ‘इंजिन बदलले’ हे दोन शब्द जितके सोपे, तितके ते काम सोपे नव्हते. नव्या इंजिनाचे तोंड जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाही, म्हणून मध्ये पोलादी प्लेट कापून, लेथवर तिचा मध्य अचूक साधून बसवावी लागते. केसभर सरकली तर क्लच जळतो आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग ओरडते. क्लचप्लेटचे दाते मेनशाफ्टला जमले पाहिजेत. गिअरबॉक्स मागेपुढे झाली की प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा वेल्ड करायचा आणि तो तोलात आहे हे पाहायचे. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादे पान वाढवायचे. पेट्रोल इंजिन जास्त फेऱ्यांवर धावते, डिझेल कमी. त्यामुळे जुनेच क्राउन-पिनियन ठेवले तर गाडी ओझे ओढते, पण वेग धरत नाही. आणि सर्वांत नाजूक गोष्ट ब्रेकची. अनेक पेट्रोल ट्रकांत ब्रेकच्या मदतीला इंजिनाच्या ओढीतून मिळणारा व्हॅक्यूम असे. डिझेल इंजिनात हवेची वाट तशी आवळलेली नसते, त्यामुळे तो व्हॅक्यूम हवा तसा मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप, म्हणजे एक्झॉस्टर, बसवावाच लागतो. जो मिस्त्री हे जाणत होता तो अभियंता होता, मग त्याच्याकडे पदवी असो वा नसो.

राज्याच्या वाहतूक संस्थेनेही हेच केले, हे विसरले जाते. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली ती बेडफर्डची, लाकडी बॉडीची. त्या काळात ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटीच्या गाड्या होत्या. दहा बनावटी म्हणजे दहा प्रकारचे आटे, दहा प्रकारचे फिल्टर आणि दहा प्रकारची डोकेदुखी. एसटीने यातून शिस्तीची वाट काढली. आगारात किरकोळ काम, विभागीय कार्यशाळेत मोठी दुरुस्ती आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत कोऱ्या चासीवर बॉडी बांधायची. इंजिन बिघडले की गाडी महिनाभर अडवून ठेवायची नाही. दुरुस्त करून ठेवलेले दुसरे इंजिन तिच्यात घालायचे, तिचे काढलेले नीट करून तिसरीत. टायरवर नवे रबर चढवायचे. म्हणजे परभणी विभागातली एखादी लाल गाडी दहा वर्षे चालली तर तिच्यातले जन्माचे इंजिन तिच्यातच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नव्हते, आणि कुणी मागतही नव्हते. अलीकडे जुन्या चासीवरची अॅल्युमिनियमची बॉडी उतरवून माईल्ड स्टीलची बांधली गेली. २०२० च्या टाळेबंदीत तर महामंडळाने जुन्या प्रवासी बसच्या खिडक्या-बाके काढून त्यांचे मालवाहू ट्रक केले आणि ‘महाकार्गो’ नावाने मालवाहतूक सुरू केली. सुटे करून, बदलून, पुन्हा जुळवून उभा केलेला ट्रक सरकारी कार्यशाळेतून अधिकृत रंग लावून बाहेर पडतो तेव्हा त्याला आपण नियोजन म्हणतो. तेच रस्त्याकडेच्या शेडमध्ये झाले तर ‘जुगाड’ म्हणून हिणवतो. फरक नोंदीचा आणि तपासणीचा आहे, आणि तो महत्त्वाचा फरक आहे. पण कल्पना एकच आहे.

बॉडीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण ट्रकचा प्रांत तिथेच ओळखू येतो. कारखान्याला चासीवर किती टन चढणार एवढेच ठाऊक असते, काय चढणार ते गाव ठरवते. मराठवाड्यात ते प्रामुख्याने कापूस होते. कापूस वजनाला हलका आणि आकाराने अवाढव्य. १९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली तेव्हापासून खरेदी केंद्र ते जिनिंग अशी हंगामी वाहतूक वाढली, आणि तिच्यासाठी उंच बाजूंचा, दोरखंड ओवायला कड्या असलेला हौदा लागे. फाळका असा हवा की तो पाडला म्हणजे माणसाला थेट आत चढून माल ओढता यावा. ऊस न्यायचा तर बाजू उघड्या आणि खुंट मजबूत, दगड-मुरूम न्यायचा तर तळाला जाड पत्रा. एकाच ट्रकने हंगामागणिक हे सगळे केले आणि म्हणून त्याची बॉडी वारंवार बदलली. तिच्या चौकटीचे लाकूड, कोपऱ्यांचे अँगल, केबिनची घडण, कपाळावरची रंगीत पाटी यांतले काहीही जमशेदपूरच्या आराखड्यात नव्हते. ते सुताराचे आणि पेंटरचे होते. ट्रकचे ‘मूळ रूप’ जपायचे ठरवले तर हे सगळे काढून टाकून उघडी चासी ठेवावी लागेल, आणि तशी उघडी चासी कोणत्याही मालकाने एक दिवसही कामाला वापरली नाही.

आक्षेप अनेक आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की हे कौतुक म्हणजे टंचाईचे उदात्तीकरण आहे. चांगली गाडी वेळेवर आणि परवडेल अशी मिळाली असती तर कुणी भंगारातले इंजिन शोधत कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजाराला गेला नसता. हे खरे आहे. ज्याने कर्ज काढून तिसऱ्या हाताचा ट्रक घेतला आणि हंगामाच्या ऐन भरात तो शेडमध्ये उभा पाहिला, त्याला या कौशल्याचा अभिमान वाटला असेल असे मी म्हणणार नाही. पण एखादे कसब टंचाईतून जन्मले म्हणून ते कसब राहत नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. अवर्षणाच्या मुलखातच विहिरी आणि बारवांची विद्या वाढली. तिला कुणी मजबुरी म्हणून इतिहासातून वगळत नाही. शिवाय टंचाईने गरज निर्माण केली एवढेच. उत्तर कोणते द्यायचे, हे टंचाईने शिकवले नाही. ते लेथवर उभ्या असलेल्या टर्नरने शोधले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओतशाळा उसाचे चरक आणि ऑइल इंजिने ओतता ओतता मोटारींच्या भागांकडे वळल्या आणि पुढे मोठ्या कंपन्यांना माल पुरवू लागल्या. आज ज्याला आपण वाहनउद्योगाची पुरवठा साखळी म्हणतो, तिचे एक मूळ दुरुस्तीच्या या गरजेत आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि इथे मिस्त्रीची बाजू घेताना जपून बोलले पाहिजे. वर सांगितलेला एक्झॉस्टर न बसवता, किंवा बसवून त्याची नळी फुटकी ठेवून रस्त्यावर आणलेला ट्रक उतारावर माणसे मारतो. क्षमतेच्या दीडपट माल भरण्यासाठी पाटे वाढवले आणि ब्रेक तेच ठेवले, तर वाढलेले प्रत्येक पान धोका वाढवते. लाकडी केबिन टकरीत चालकाला वाचवत नाही आणि उन्हाळ्यात ती भट्टी होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ते चालकाच्या जिवाची किंमत उशिरा का होईना मान्य झाल्याचे लक्षण आहे, आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. पण यातून सुटे भाग बदलणे वाईट असे सिद्ध होत नाही. वाईट आहे ते बेहिशेबी ओझे आणि न झालेली तपासणी. कोरा ट्रकही जास्त भरला की उलटतो. एसटीने बदली इंजिनावर लाखो प्रवासी नेले ते ठरलेल्या अंतरावर ठरलेली तपासणी होत होती म्हणून. त्यामुळे बदल सुरक्षित आहे का, हे ठरवण्यासाठी बदल कुणी केला, कसा केला आणि नंतर कुणी पाहिला, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. ‘मूळचे आहे का’ हा प्रश्न त्यांची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप चोरीचा. एका गाडीचे अवयव दुसरीत जाऊ लागले की चोरीच्या गाडीचेही जाणार; चासीवरचा नंबर घासून नवा ठोकणारे लोक होते आणि आहेत. म्हणूनच कायद्याने हळूहळू दोर आवळला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ३२ होते. नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आणि त्याची मान्यता घेऊन गाडीत फेरफार करता येत असे. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ सन २००० मध्ये दुरुस्त झाले आणि निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल निषिद्ध ठरला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. या प्रवासात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की जुन्या कायद्याने बदल गृहीत धरून त्याची नोंद मागितली, नव्याने मूळ तपशिलाला प्रमाण मानले. पहिल्या पद्धतीचा एक अनमोल अवशेष आपल्या हाती आहे: जुने आरसी बुक. त्यात निर्माता, वर्ष, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, सिलिंडर, इंधन, रिकाम्या गाडीचे वजन असते. मालक बदलला, कर्ज चढले, कर्ज फिटले, गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली, इंजिन बदलले की नव्या नोंदी आणि शिक्के पडतात. बदल लपवणाऱ्याला हेच पुस्तक अडचणीचे असते आणि प्रामाणिक मालकाला तेच ढाल असते. चोरीवरचे उत्तर म्हणून बदल थांबवणे आणि बदल लिहून ठेवणे या दोन वाटा होत्या. आपण पहिली निवडली, म्हणून दुसरी चुकीची ठरत नाही.

परभणी जिल्ह्यात चारठाण्यासारख्या ठिकाणी जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत, आणि मराठवाड्यातल्या कित्येक गढ्यांच्या, बारवांच्या भिंतींत अशा मंदिरांचे कोरीव चिरे नंतरच्या लोकांनी बसवलेले दिसतात. पुरातत्त्वाचा अभ्यासक त्या भिंतीला ‘मूळची नाही’ म्हणून टाकून देत नाही. कोणता दगड कुठून आला आणि कधी, हेच त्याला वाचायचे असते. ट्रककडे पाहायची दृष्टीही तीच हवी. फार्गोच्या चासीवर पर्किन्सचे इंजिन दिसले की आयात बंदीचा आणि डिझेल स्वस्त असण्याचा काळ वाचता येतो. जुन्या टाटाच्या धुऱ्यावर नंतरच्या मॉडेलचे ब्रेक दिसले की कुणीतरी सुरक्षिततेवर पैसे खर्च केले, हे कळते. कोऱ्या अवस्थेत जपलेली गाडी कारखान्याबद्दल सांगते. वापरून बदललेली गाडी रस्त्याबद्दल, पिकाबद्दल, कर्जाबद्दल आणि कारागिराबद्दल सांगते. यातली दुसरी माहिती आपल्याकडे कमी जपलेली आहे.

ट्रक संपला तरी त्याचे अवयव संपत नाहीत, आणि इथे मराठवाड्याचा नकाशा पुन्हा समोर येतो. पाट्याचे पोलाद उत्तम, म्हणून गावोगाव फिरणारे घिसाडी आणि गावातले लोहार ते भट्टीत तापवून त्याचे विळे, कुऱ्हाडी आणि कोयते घडवतात. जुनी चाके आणि धुरे बैलगाडीखाली गेली. लाकडी आऱ्यांच्या गाडीची जागा रबरी टायरच्या गाडीने घेतली. ऊसतोडीच्या मुलखात मजुरांच्या टोळ्यांची विभागणीच गाडी सेंटर, टायर सेंटर आणि डोकी सेंटर अशी होते, यावरून त्या चाकाचे महत्त्व लक्षात यावे. त्या टायरगाड्यांसाठी कंपन्यांनी खास टायर बनवले तसे भंगारातले टायरही फिरले. जे कशाच्याच कामाचे उरले नाही ते पेडगावच्याच लोहमार्गावर पश्चिमेला असलेल्या जालन्याला जाऊ शकते. तिथले पोलाद कारखाने भंगार वितळवून बांधकामाच्या सळया काढतात.

आता हा धंदा मावळतो आहे, आणि त्याचे कारण मुख्यतः तांत्रिक आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सिक्स मानकानंतर इंजिन, गिअरबॉक्स, धूर स्वच्छ करणारी यंत्रणा आणि त्यांचे सेन्सर हे सगळे एका संगणकाशी बांधलेले आहेत. एका ट्रकचे इंजिन दुसऱ्यात बोल्टांनी बसेल, पण संगणक त्याला ओळखणार नाही. हवेसाठी हे मानक आवश्यक होते, त्याबद्दल वाद नाही. दुसरीकडे २०२१ च्या भंगार धोरणाने तपासणीत नापास झालेल्या जुन्या मालवाहू गाड्यांना नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढण्याची वाट दाखवली आहे. म्हणजे डिस्पोजलपासून महाकार्गोपर्यंतची ही सत्तर-पंच्याहत्तर वर्षांची परंपरा ज्या गाड्यांत दिसते, त्या पुढच्या काही वर्षांत वितळतील. प्रत्येक गाडी वाचवावी असे कुणी म्हणणार नाही. धुराने काळवंडलेला ट्रक रस्त्यावरून गेलाच पाहिजे. मागणी माफक आहे. व्हिंटेजच्या व्याख्येत मालवाहू गाड्यांचा वेगळा वर्ग असावा आणि त्यात ‘मूळ स्वरूप’ ऐवजी ‘नोंदलेले बदल’ ही कसोटी असावी. गाडी चालवायची नाही, दाखवायची आहे, तेव्हा प्रदूषणाचा आणि ओझ्याचा प्रश्न त्यात येत नाही. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बदलांचा इतिहास असलेली किमान एकेक चासी, तिच्या सगळ्या नोंदींसह, उभी ठेवता येईल. जागा त्यांच्याकडे आहे आणि ती वाचू शकणारे कारागीरही अजून आहेत. आणि गाडी मोडीत काढताना चासीवरचा क्रमांक असलेला पोलादी तुकडा कापून ठेवण्याची पद्धत आहेच. तो कापण्याआधी त्या गाडीच्या आरसी बुकाची पानन् पान प्रत काढून जिल्ह्याच्या अभिलेखागारात पाठवावी. एमएच २२ ची, म्हणजे परभणीची, अशी शंभर पुस्तके जरी जमली, तरी कापसाच्या या मुलखाने माल कशावर वाहिला आणि तो वाहणारी गाडी कोणकोणत्या हातांनी घडवली, हे सांगणारा दुसरा इतका नेमका पुरावा सापडणार नाही.